नेटवर्क प्रोफाइल आपोआप लागावं, पण भलत्या जागी नाही

अँटिव्हायरस आणि फायरवॉल एकत्र असलेल्या बहुतेक पॅकेजांत एक सोय असते. लॅपटॉप कुठल्या नेटवर्कला जोडला आहे हे ओळखून प्रोफाइल, म्हणजे फायरवॉलचे नियम बांधलेलं लेबल, आपोआप बदलतं: घरी एक, ऑफिसात दुसरं, बाकी सगळीकडे तिसरं. एसेट या पॅकेजमध्ये या ओळखीच्या अटींना ॲक्टिव्हेटर म्हणतात. एफ५ दाबून प्रगत सेटिंग्ज उघडल्या की नेटवर्क ॲक्सेस प्रोटेक्शनखाली नेटवर्क कनेक्शन प्रोफाइल्स या भागात त्या सापडतात. इतर पॅकेजांत नावं वेगळी असतात, रकाने मात्र थोड्याफार फरकाने तेच: वायफायचं नाव (एसएसआयडी), गेटवेचा म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा आयपी, गेटवेचा मॅक (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता), डीएनएस सफिक्स (मशीनच्या नावामागे जोडलं जाणारं नेटवर्कचं नाव), डीएचसीपी सर्व्हर (आयपी पत्ते वाटणारा), ॲडॅप्टरचा म्हणजे नेटवर्क कार्डाचा प्रकार, विंडोजने त्या नेटवर्कला दिलेला दर्जा.

रकाने भरायला दहा मिनिटं लागतात. खरा प्रश्न असा की अटी दोन तऱ्हांनी चुकतात आणि त्या दोन चुकांची किंमत सारखी नसते. घरच्या नेटवर्कवर असूनही पब्लिक, म्हणजे परक्या जागेसाठीचं कडक प्रोफाइल लागलं, तर प्रिंटर दिसत नाही, शेअर केलेला फोल्डर उघडत नाही, माणूस वैतागतो आणि दुरुस्त करतो. उलट, परक्या नेटवर्कवर घरचं प्रोफाइल लागलं तर काहीच बिघडलेलं दिसत नाही. सगळं नीट चालतं, आणि फाइल शेअरिंगचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, शेजारच्या अनोळखी लॅपटॉपला उघडा असतो. पहिली चूक ओरडून सांगते, दुसरी गप्प बसते. अटी ठरवताना मी हा फरक डोक्यात ठेवतो: विश्वासाचं प्रोफाइल लागायला अवघड असावं आणि ते नाकारलं जायला एक बारीकसं कारणही पुरावं.

प्रोफाइल हे नुसतं लेबल आहे. काम करतात ते त्याला बांधलेले नियम. विश्वासाच्या प्रोफाइलमध्ये सहसा फाइल शेअरिंगचे टीसीपी ४४५ आणि १३९, नेटबायोसचे यूडीपी १३७ आणि १३८, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ आणि उपकरणं शोधण्यासाठीचे यूडीपी ५३५३, ५३५५, १९०० आणि ३७०२ हे पोर्ट आत येणाऱ्यांसाठी मोकळे होतात. यातला ४४५ सगळ्यात महाग. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर पसरलं ते याच पोर्टवरून, एसएमबी या फाइल शेअरिंगच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून, कुणी काहीही क्लिक न करता. म्हणून विश्वासाच्या प्रोफाइलमध्येही जे वापरत नाही ते बंद ठेवावं. घरी रिमोट डेस्कटॉप लागत नसेल तर ३३८९ तिथेही कशाला उघडा?

आधी मूल्यं गोळा करा

अटींच्या खिडकीत जाण्याआधी त्या त्या नेटवर्कवर बसून कमांड प्रॉम्प्टमध्ये तीन आज्ञा चालवा आणि उत्तरं एका फाइलमध्ये जपून ठेवा.

पहिली, आयपीकॉन्फिग /ऑल. यातून डिफॉल्ट गेटवे, डीएचसीपी सर्व्हर, डीएनएस सर्व्हर आणि कनेक्शन-स्पेसिफिक डीएनएस सफिक्स मिळतात. इथेच एक फसवी ओळ आहे: फिजिकल ॲड्रेस. सहा जोड्यांचा तो मॅक पत्ता बघून अनेक जण तोच गेटवेच्या मॅकच्या रकान्यात टाकतात. तो तुमच्या स्वतःच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता आहे, राउटरचा नाही. अशी अट कधीच जुळत नाही आणि का जुळत नाही हे कळायला संध्याकाळ जाते.

गेटवेचा मॅक मिळतो दुसऱ्या आज्ञेतून, एआरपी -ए. आलेल्या यादीत गेटवेचा आयपी शोधा. त्याच ओळीत मधल्या रकान्यात त्याचा मॅक असतो आणि पुढे डायनॅमिक लिहिलेलं असतं. ओळच नसेल तर गेटवेला एकदा पिंग करा आणि आज्ञा पुन्हा चालवा. यादी इंटरफेसनुसार तुकड्यांत येते. मशीनवर व्हर्च्युअल ॲडॅप्टर असतील तर तुमच्या खऱ्या कार्डाच्या आयपीखालचाच तुकडा वाचायचा. विंडोज मॅकच्या जोड्यांमध्ये आडवी रेघ देतं, राउटरच्या पानावर बहुधा विसर्गासारखी दोन टिंबं असतात. पॅकेज कुठलं रूप घेतं ते रकान्यात टाकून बघा. बरीच पॅकेजं दोन्ही घेतात. एखादं मात्र चुकीचं रूप मुकाट्याने साठवतं आणि मग जुळवत नाही.

तिसरी, नेटएसएच वायलॅन शो इंटरफेसेस. यात एसएसआयडी, बीएसएसआयडी, ऑथेंटिकेशन (सुरक्षेचा प्रकार) आणि सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) दिसतात. घरगुती राउटरवर ऑथेंटिकेशनसमोर बहुतेक वेळा डब्ल्यूपीए२-पर्सनल आणि सायफरसमोर सीसीएमपी असतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून लोकेशनची परवानगी बंद असेल तर ही आज्ञा माहिती द्यायला नकार देते. आधी ती परवानगी सुरू करावी लागते.

या लेखात पत्ते आणि आज्ञा देवनागरीत आहेत. प्रत्यक्षात अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि अंक टाकायचे.

कुठली अट किती वजनाची

वायफायचं नाव ही सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात हलकी अट. एसएसआयडी म्हणजे हवेत ओरडून सांगितलेलं नाव. ते कुणीही ऐकतं आणि कुणीही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला देऊ शकतं. नुसत्या नावावर विश्वासाचं प्रोफाइल लावणं म्हणजे अट न लावल्यासारखंच. लिहितानाही जपावं लागतं: नावात लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो, शेवटी राहिलेली मोकळी जागा डोळ्याला दिसत नाही पण जुळवणी मोडते, आणि नावाची कमाल लांबी ३२ बाइट आहे. देवनागरी नावात प्रत्येक अक्षर, मात्रा आणि हलन्त वेगळे तीन-तीन बाइट खातात. त्यामुळे दहा चिन्हांतच जागा संपते आणि काही राउटर उरलेला भाग कापून टाकतात. मग राउटरच्या पानावर एक नाव आणि हवेत दुसरं. अट हवेतल्या नावाशी जुळते.

नावाला सुरक्षेच्या प्रकाराची जोड दिली की वजन एकदम वाढतं. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ च्या जोडणीत दोन्ही बाजूंना पासवर्ड माहीत असल्याशिवाय हस्तांदोलन पूर्ण होत नाही. त्याच नावाचा नकली ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारा डबा) उभा करणाऱ्याकडे पासवर्ड नसेल तर तुमचा लॅपटॉप त्याला जोडलाच जाणार नाही. नकली नेटवर्क उघडं, म्हणजे बिनपासवर्डाचं असेल आणि कुणी हाताने क्लिक करून जोडलं, तर सुरक्षेचा प्रकार जुळणार नाही आणि प्रोफाइल लागणार नाही. मात्र हा सगळा भरवसा पासवर्ड गुपित असण्यावर आहे. जो पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला आहे, त्या नेटवर्कसाठी या अटीला काही अर्थ नाही.

बीएसएसआयडी म्हणजे ॲक्सेस पॉइंटच्या रेडिओचा मॅक. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्या असतील तर एकाच डब्याचे दोन बीएसएसआयडी असतात. तीन डब्यांची मेश (एकमेकांशी जोडलेल्या डब्यांचं एकच वायफाय) असेल तर सहा, कधी जास्त. एकच टाकून ठेवला तर लॅपटॉप घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्यावर प्रोफाइल बदलतं. मेशवर मी ही अट वापरतच नाही. तिथे गेटवेचा मॅक बरा, कारण कुठल्याही डब्याला जोडला तरी गेटवे एकच राहतो.

गेटवेचा आयपी एकट्याने जवळपास निरुपयोगी आहे. खाजगी पत्त्यांचे तीनच पट्टे आहेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने ठरवलेले: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. जगातले असंख्य राउटर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ वर बसलेले असतात. तरी हा आयपी एका उलट्या कामाला येतो: आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१०.१ हा गेटवे देतो आणि विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट १९२.१६८.१३७.१. हॉटस्पॉटसाठी मुद्दाम कडक प्रोफाइल लावायचं असेल तर हे पत्ते पुरतात. चुकून दुसरीकडे जुळले तरी परिणाम कडकपणाच होणार. विश्वास देणारी अट भक्कम हवी, विश्वास काढून घेणारी सैल असली तरी चालते.

गेटवेचा मॅक ही मला सगळ्यात उपयोगी वाटणारी अट, पण तिचं काम नीट समजून घ्यायला हवं. ती नंबरप्लेटसारखी आहे: गाडी ओळखता येते, आत कोण बसलंय ते कळत नाही. अपघाताने दुसऱ्या जागी जुळण्याची शक्यता नगण्य, म्हणून शेजारच्या ऑफिसातही १९२.१६८.१.१ असला तरी गल्लत होत नाही. मुद्दाम कुणी नक्कल करायची म्हटली तर मात्र मॅक गुपित नाही. वायफायच्या फ्रेमचा मजकूर एन्क्रिप्ट होतो, मथळा होत नाही. त्यामुळे पासवर्ड नसलेला माणूसही हवेतल्या फ्रेम टिपून गेटवेचा मॅक वाचू शकतो, आणि आपल्या कार्डाला तो मॅक देणं एका मिनिटाचं काम आहे.

त्यात आणखी एक खोच आहे. मोठ्या ऑफिसात दोन राउटर जोडीने चालतात आणि गेटवे हा आभासी असतो. व्हीआरआरपी ही जोडीने चालण्याची पद्धत वापरणाऱ्या राउटरांचा मॅक ००-००-५ई-००-०१ ने सुरू होतो आणि शेवटची जोडी म्हणजे गटाचा क्रमांक. एक राउटर बंद पडून दुसऱ्याने काम उचललं तरी मॅक तोच राहतो, हे चांगलं. वाईट हे की गट क्रमांक १ असलेल्या जगातल्या सगळ्या जोड्यांचा मॅक अगदी तोच असतो. म्हणजे नंबरप्लेटच सार्वजनिक झाली. सिस्कोच्या एचएसआरपीच्या पहिल्या आवृत्तीतही हेच, फक्त सुरुवात ००-००-०सी-०७-एसी. गेटवेचा मॅक यातला निघाला तर त्याच्या भरवशावर राहू नका. डीएचसीपी सर्व्हरचा आयपी आणि डोमेनची, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती खाते-व्यवस्थेची, अट जोडा.

फोनच्या हॉटस्पॉटचा मॅक टिपून ठेवायच्या फंदात पडू नये. अनेक फोन तो दर वेळी नवा बनवतात. ओळखायची खूण अशी: पहिल्या जोडीतलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून सॉफ्टवेअरने घेतलेला आहे.

डीएनएस सफिक्स आणि डीएचसीपी सर्व्हर यांचं एकत्रच बोलू. दोन्ही गोष्टी डीएचसीपीच्या उत्तरातून येतात आणि त्या उत्तरावर कुणाची सही नसते. सफिक्स हा पर्याय १५ म्हणून येतो, डीएनएस सर्व्हर पर्याय ६ म्हणून, गेटवे पर्याय ३ म्हणून. ज्याच्याकडे डीएचसीपी सर्व्हर चालवायची सोय आहे तो काहीही पाठवू शकतो. घरगुती राउटर तर लॅन किंवा होम असले सरसकट सफिक्स देतात. ऑफिसचा सफिक्स वेगळा असतो, पण तोही बाहेर फुटतो: लॅपटॉप बाहेरच्या नेटवर्कवर असतानाही त्या सफिक्सने नावं शोधत राहतो आणि त्या चौकश्या तिथल्या डीएनएसला दिसतात. तेव्हा सफिक्स ओळखीपुरता ठीक. विश्वासाचा आधार म्हणून नाही.

ॲडॅप्टरच्या प्रकाराबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: वायर लावली म्हणजे ऑफिस. हॉटेलच्या भिंतीतही वायरची सोय असते. शिवाय फोन यूएसबीने जोडून इंटरनेट घेतलं तर विंडोज तो फोन इथरनेट कार्ड म्हणूनच बघतं. वायर्ड असेल तर विश्वास, ही अट एका केबलने हरते. ॲडॅप्टरच्या नावाचंही तसंच. डॉकिंग स्टेशन बदललं किंवा यूएसबी-इथरनेटचा दुसरा डोंगल लावला की इथरनेट २ चं इथरनेट ३ होतं.

विंडोजचा दर्जा उसना घ्यावा का?

काही जण सगळ्या अटी सोडून एकच ठेवतात: विंडोज ज्या नेटवर्कला प्रायव्हेट म्हणतं त्याला विश्वासाचं प्रोफाइल. यात तुम्ही निर्णय टाळता एवढंच. विंडोजचा प्रायव्हेट दर्जा म्हणजे कधीतरी कुणीतरी दाबलेलं बटण. विंडोज १० नवं नेटवर्क दिसलं की, हा पीसी इतरांना दिसू द्यायचा का, असं विचारतं आणि घाईतला माणूस हो म्हणतो. विंडोज ११ नवं नेटवर्क न विचारता पब्लिक धरतं, तरी सेटिंग्जमध्ये जाऊन ते बदलणं दोन क्लिकचं काम आहे. ते दोन क्लिक मग तुमच्या फायरवॉललाही लागू होतात. घरातल्या सगळ्यांच्या हातात असलेल्या मशीनवर मी ही अट ठेवणार नाही.

डोमेनचा दर्जा मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो बटणाने मिळत नाही. डोमेन कंट्रोलरशी, म्हणजे ती व्यवस्था सांभाळणाऱ्या सर्व्हरशी, बोलणं होऊन मशीनची ओळख पटावी लागते. पूर्वी त्यातही फट होती: नकली डीएनएस आणि एलडीएपी (डोमेनच्या नोंदी विचारण्याची पद्धत) उत्तरं देऊन विंडोजला आपण डोमेनवर आहोत असं भासवता येत असे. जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस१५-००५ या सुधारणेने ती बुजवली. आज ऑफिसच्या मशीनसाठी डोमेनचा दर्जा ही हाताशी असलेली चांगली अट आहे. जिथे डोमेन नाही तिथे काही पॅकेजं स्वतःचा ओळख-सर्व्हर देतात. नेटवर्कवर एक छोटा सर्व्हर बसवायचा, त्याची सार्वजनिक किल्ली लॅपटॉपवर द्यायची; लॅपटॉप त्या सर्व्हरला गाठतो आणि आरएसए किल्लीने त्याची खात्री करून घेतो. नक्कल करणाऱ्याकडे खाजगी किल्ली नसते, तिथेच तो अडतो. बसवायला थोडं काम आहे, आणि तो सर्व्हर बंद पडला की सगळे लॅपटॉप पब्लिकवर येतात. तेव्हा तो बंद असला तर कळेल अशी व्यवस्था हवी.

ऑफिसचं वायफाय ८०२.१एक्सवर (सर्व्हरकडून प्रत्येकाची ओळख तपासणाऱ्या पद्धतीवर) असेल तर लॅपटॉपच्या वायफाय प्रोफाइलमध्ये सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासण्याची खूण लावलेली आहे का, तेही बघा. ती नसेल तर एंटरप्राइज हा शब्द रकान्यात दिसतो पण नकली सर्व्हरही चालून जातो.

सगळ्या अटी की कुठलीही एक

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. नवीन प्रोफाइलमध्ये तीन अटी टाकल्या आणि जुळवणी "कुठलीही एक" वर राहिली, तर तीन अटींचं बळ मिळत नाही. तीनपैकी सगळ्यात हलक्या अटीचं मिळतं. नाव, मॅक आणि सफिक्स असं लिहून नुसतं नाव जुळलं तरी दार उघडतं. विश्वासाच्या प्रोफाइलला जुळवणी "सगळ्या" हवी, कडक प्रोफाइलला "कुठलीही एक" चालते.

मग मूळ आणि बदली असे दोन राउटर असतील तर? बहुतेक ठिकाणी एकाच अटीच्या रकान्यात एकाहून जास्त मूल्यं देता येतात आणि त्यांच्यात "किंवा" असतो. म्हणजे गेटवे मॅकच्या एकाच अटीत दोन मॅक. तशी सोय नसेल तर दोन वेगळी प्रोफाइलं करा, नियम सारखे ठेवा. जुळवणी सैल करून प्रश्न सोडवू नका.

अटींची संख्या वाढवत नेण्यातही शहाणपण नाही. सात अटी टाकल्या तर सातांपैकी काही ना काही दर महिन्याला बदलतं, आणि रोज प्रिंटर हरवणाऱ्या घरात शेवटी कुणीतरी फायरवॉलच बंद करतं. घरच्या वायफायसाठी मी तीन ठेवतो: नाव, सुरक्षेचा प्रकार, गेटवेचा मॅक. यातली मधली अट गुपितावर उभी आहे आणि तिसरी अपघाती जुळणी टाळते. नाव खरं तर माणसाला वाचायला सोयीचं म्हणून. घरच्या वायर्ड जोडणीसाठी गेटवेचा मॅक आणि डीएचसीपी सर्व्हरचा आयपी, कारण तिथे गुपित असं काही नसतंच. म्हणून त्या प्रोफाइलमध्ये नियमही हात राखून द्यावेत. ऑफिससाठी डोमेनचा दर्जा किंवा ओळख-सर्व्हर, सोबत गेटवे.

क्रमही तपासा. बऱ्याच ठिकाणी यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिलं जुळणारं प्रोफाइल लागतं. नेमक्या अटींची प्रोफाइलं वर, सैल खाली, आणि काहीच जुळलं नाही तर पब्लिक. शेवटचं हे गृहीत धरू नका, सेटिंगमध्ये डोळ्यांनी बघा.

अटींशी थेट संबंध नसलेली पण सगळं धुळीला मिळवणारी एक जागा आहे: विश्वासू पत्त्यांची कायमची यादी. कधीतरी प्रिंटर चालत नव्हता म्हणून १९२.१६८.१.०/२४ तिथे टाकलेलं असतं. ती यादी प्रोफाइल बघत नाही. बाहेर कुठेही तोच पट्टा मिळाला की तिथली सगळी मशीनं विश्वासू ठरतात, वर पब्लिक प्रोफाइल दिमाखात लागलेलं असतानाही. अशा नोंदी काढून टाका आणि तेच काम प्रोफाइलला बांधलेल्या नियमाने करा.

व्हीपीएन आणि आभासी कार्डं

व्हीपीएन सुरू असताना लॅपटॉपवर दोन जोडण्या असतात: खालची वायफाय आणि वरचा बोगदा. प्रत्येक जोडणीला वेगळं प्रोफाइल देणारं पॅकेज असेल तर प्रश्न नाही. बोगद्याला ऑफिसचं, वायफायला पब्लिक. पण तुमचं पॅकेज सगळ्या मशीनला मिळून एकच प्रोफाइल लावत असेल, तर व्हीपीएन जोडल्याबरोबर खालचं परकं वायफायही ऑफिसचे नियम घेऊन बसतं. हे एकदा नक्की तपासा. तसं असेल तर व्हीपीएनला विश्वासाचं प्रोफाइल देऊच नका.

बोगद्याच्या जोडणीत गेटवेच्या मॅकची अट चालत नाही. बहुतेक व्हीपीएनमध्ये इथरनेटचा थर नसतोच, आणि गेटवेच्या जागी रिकामं किंवा ०.०.०.० दिसतं. तिथे ॲडॅप्टरचं नाव, मिळालेल्या आयपीचा पट्टा आणि सफिक्स या तीन एकत्र वापराव्यात. नुसतं ॲडॅप्टरचं नाव नको, कारण ओपनव्हीपीएनवर आधारलेल्या दोन वेगळ्या सेवा टॅप नावाचा एकच आभासी ॲडॅप्टर वापरू शकतात.

हायपर-व्ही या विंडोजमधल्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीचा डिफॉल्ट स्विच मशीन पुन्हा सुरू केल्यावर आपला पट्टा बदलू शकतो, म्हणून त्याला आयपीची अट लावू नये. तिथे ॲडॅप्टरचं नावच बरं. ज्या आभासी कार्डांना गेटवे नसतो त्यांना विंडोज अनआयडेंटिफाइड म्हणतं आणि पब्लिकमध्ये टाकतं. होस्ट आणि व्हर्च्युअल मशीनमधली फाइल-देवाणघेवाण त्यामुळे अडते. दोष प्रोफाइलचा वाटतो, कारण असतं गेटवेचं नसणं.

प्रोफाइल उशिरा लागतं तेव्हा

मशीन सुरू झाल्यावर किंवा झोपेतून उठल्यावर काही क्षण पब्लिक दिसणं साहजिक आहे. आयपी आलेला नसतो, गेटवे माहीत नसतो, अट जुळणार कशाशी? हे अर्धा मिनिट चालत असेल आणि जोडणी वायर्ड असेल, तर स्विचकडे बघा. स्पॅनिंग ट्री (जोडण्यांचं वर्तुळ होऊ न देणारी स्विचची सोय) जुन्या पद्धतीने चालू असेल तर स्विचचा पोर्ट, म्हणजे केबल लागते ती जागा, आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो, आणि तोवर काहीच पुढे जाऊ देत नाही. लॅपटॉप डीएचसीपीची वाट बघून थकतो आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. लॅपटॉप लागतो त्या स्विचच्या पोर्टवर पोर्टफास्ट (हे थांबणं टाळणारी सेटिंग) लावलं की हा उशीर जातो. अटी ढिल्या करून तो जात नाही.

काल चालणारं प्रोफाइल आज लागत नाही, आणि राउटर तोच आहे, अशा वेळी पहिला संशय सुरक्षेच्या प्रकारावर घ्या. राउटरच्या अपडेटनंतर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र सुरू होतं, नवा लॅपटॉप डब्ल्यूपीए३ निवडतो आणि अटीत जुनंच लिहिलेलं असतं. दुसरा संशय आयपीव्ही६ वर: काही नेटवर्कवर तोच राउटर एफई८० ने सुरू होणाऱ्या पत्त्याने आयपीव्ही६ चा गेटवे म्हणूनही दिसतो. गेटवेच्या अटीत फक्त आयपीव्ही४ चा पत्ता असेल आणि पॅकेजने दुसरा वाचला, तर जुळत नाही. मॅकची अट असेल तर हा त्रास सहसा होत नाही, दोन्हीकडे डबा एकच असतो.

मोडून बघा

अटी लावून झाल्या की त्या फसतात का ते बघायचं. फोनच्या हॉटस्पॉटला घरच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, घरचा राउटर थोडा वेळ बंद करा आणि लॅपटॉप जोडा. नाव जुळतं, सुरक्षाही जुळते, गेटवेचा मॅक जुळत नाही. प्रोफाइल पब्लिकच राहिलं पाहिजे. विश्वासाचं लागलं तर जुळवणी "कुठलीही एक" वर राहिली आहे किंवा मॅकची अट साठवलीच गेलेली नाही. मग तोच फोन यूएसबीने जोडून वायर्ड प्रोफाइल फसतं का ते पाहा.

प्रोफाइलचं नाव बरोबर दिसलं म्हणजे नियम बरोबर लागले असं नाही. दुसऱ्या एका विंडोज मशीनवरून पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन, पुढे लॅपटॉपचा आयपी, पुढे -पोर्ट ४४५ अशी आज्ञा द्या. शेवटच्या ओळीत टीसीपीटेस्टसक्सीडेड समोर विश्वासाच्या प्रोफाइलमध्ये ट्रू आणि पब्लिकमध्ये फॉल्स यायला हवं. ही चाचणी त्याच लॅपटॉपवरून स्वतःवर करू नका. ती वाहतूक बाहेर पडतच नाही, त्यामुळे उत्तर नेहमी उघडंच येतं. आणि हॉटस्पॉटवर केलीत तर लक्षात ठेवा की काही फोन जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. तिथला फॉल्स तुमच्या फायरवॉलचा नसेल.

राउटर बदलायचा असेल तेव्हा क्रम असा ठेवा: नव्या डब्याचा स्टिकर वाचा, पण त्यावरचा मॅक सरळ रकान्यात टाकू नका, कारण तो बऱ्याचदा वॅनच्या (इंटरनेटकडच्या) बाजूचा असतो आणि लॅनचा (घराकडचा) त्याहून एखाद्या आकड्याने वेगळा. नवा राउटर जोडा, पब्लिक प्रोफाइल लागू द्या, एआरपी -ए ने खरा मॅक घ्या, तो अटीत जुन्याच्या शेजारी भरा. नवं जुळल्याची खात्री झाली की जुना मॅक काढून टाका, विशेषतः जुना राउटर कुणाला देणार असाल तर.